पहिली ठासणीची बंदूक : स्वस्त कशाला म्हणायचं?

मुकुंदवाडीत ठासणीच्या बंदुकीवर व्याख्यान, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. पण इथल्या कितीतरी घरांत नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत आणि शेत कन्नड, फुलंब्री नाहीतर पैठणकडे, असा संसार आहे. रोही आणि रानडुकरं रात्रीतून उभा मका आडवा करतात. मग कुणीतरी सांगतं, "घ्या ना एखादी स्वस्तातली ठासणीची!" म्हणून आज ही स्वस्ताई नीट तपासू या.

ठासणीची म्हणजे काय? दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून घालून गजानं ठासायचे. दौलताबादची मेंढा तोपही अशीच तोंडातून भरायची. पेटवण्याच्या पद्धतीवरून तीन प्रकार पडतात: तोड्याची, चकमकीची आणि टोपीची. पहिल्या दोन आता संग्रहालयात शोभतात. पहिल्यांदा घेणाऱ्यानं टोपीचीच पाहावी. तिच्यात ठिणगी बंद जागेत पडते, त्यामुळे दमट हवेतही ती जास्त भरवशाची.

आता रायफल. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यानं गोळी फिरत सरळ जाते. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून अनेकांना ठासणीची रायफल हवीशी वाटते. तिथल्या 1968 च्या केंद्रीय कायद्यात अशा बहुतेक बंदुका बंदुकीच्या व्याख्येतच बसत नाहीत. आपल्याकडे तसं नाही. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात, कलम 13 मध्ये, पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतकऱ्यांच्या घरी ही बंदूक दिसते ती याच वाटेनं आलेली. तेव्हा शेतकऱ्यानं रायफलच्या मागे न लागता साध्या, गुळगुळीत नळीच्या एकनळीचा विचार करावा.

पण आधी परवाना, मग बंदूक. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय किमान 21. "आधी घेऊन ठेवू, कागद मागून करू" असं म्हणाल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे. गावठी बंदूक सगळ्यात महाग पडते ती अशी.

वडिलांची बंदूक घरात असेल तर तो खरा स्वस्त मार्ग. मात्र त्यांच्या पश्चात परवाना मुलाच्या नावावर आपोआप होत नाही. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि स्वतःचा अर्ज करायचा.

जुनी बंदूक बघताना पहिलं काम एकच: ती भरलेली आहे का? भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेली बंदूक भरलेली निघू शकते. निपलवर, म्हणजे टोपी बसते त्या बोंडीवर, टोपी नाही याची खात्री करा. तोंड सुरक्षित दिशेला धरा, स्वतः नळीसमोर येऊ नका. गज हळूच आत सोडा, नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करा, मग तो बाहेरून नळीला लावून पाहा. गजाचं टोक निपलच्या बरंच अलीकडे थांबलं, तर आत काहीतरी आहे. तिथंच थांबा आणि जाणत्या कारागिराला बोलवा.

ती रिकामी असल्याचं कळल्यावर नळी बघा. आत गंजाचे खड्डे, बाहेर फुगवटा, बुडाशी चीर, यातलं एक जरी दिसलं तरी फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती तोंडाजवळच फुटते. घोडा अर्धा ओढून ठेवल्यावर चाप दाबला तरी तो पडता कामा नये. दस्त्याला नळीजवळ तडा नको. निपल झिजलेलं असेल तर बदलता येतं, नळीचं तसं नाही. नळीवर चाचणीची खूण आणि क्रमांक हवाच. क्रमांक खोडलेला असेल तर सौदा तिथंच सोडा.

वरचा खर्चही धरा: काळी दारू, टोप्या, तेल, कुलपाची पेटी. दारू परवानाधारकाकडूनच घ्यावी, आणि ती काळीच. काडतुसातली बिनधुराची दारू घातली तर नळीच्या चिंधड्या उडतात. काळ्या दारूची राख ओल धरते. बार काढला त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुऊन, कोरडी करून तेल लावलं नाही, तर चांगली नळीही गंजते.

शेवटचा मुद्दा, आणि फसगत इथंच होते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रोही काय, रानडुक्कर काय, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पिकात शिरले तरी मारण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. तेव्हा सुरुवातीला तुमच्या हातात बंदूक असेल ती बाराच्या आवाजासाठी. तेवढ्यासाठी एवढा खटाटोप परवडतो की त्याच पैशात कुंपण होतं, हा हिशेब घरी बसून करा. त्यातूनही बंदूकच हवी असं ठरलं, तर परवाना हातात आल्यावर किमतीआधी नळी बघा.

आता प्रश्न विचारा.