हॉट डॉगच्या पावातलं मीठ

अमेरिकी दुकानांत मिळणाऱ्या हॉट डॉगच्या पाकीटबंद पावावर लोक आधी साखर शोधतात. खरं तर पाहायला हवं मिठाकडे आणि तंतूंकडे. साधारण 43 ग्रॅमच्या एका पांढऱ्या पावात सुमारे 120 कॅलरी, 21-22 ग्रॅम कर्बोदकं, 4 ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम 2 ग्रॅम स्निग्धांश असतो. साखर तीनएक ग्रॅम, म्हणजे चमचाभरही नाही. सोडियम मात्र 200 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि चवीला गोडसर लागणाऱ्या पावात ते आहे याची जिभेला शंकाही येत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला 2,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. त्यातला दहावा हिस्सा सॉसेज, मोहरी, केचप यांच्या आधीच संपतो.

मिठाशिवाय पाव नीट होत नाही, असं कुणी म्हणेल. खरं आहे, मीठ कणकेला बळ देतं आणि यीस्टला आवर घालतं. पण म्हणूनच दोन पाव घेणाऱ्यानं हिशेब दुप्पट धरावा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: या पावाच्या मैद्यात लोह आणि ब जीवनसत्त्वं घातलेली असतात, 1998पासून फॉलिक आम्लही. जन्मजात मज्जारज्जूदोष त्यामुळे घटले, हे मोठंच काम. तरी कोंड्याबरोबर गेलेले तंतू परत घातले जात नाहीत. नुसतं ‘गव्हाचं पीठ’ लिहिलेलं असेल तर तो बहुधा मैदाच. घटकांच्या यादीत पहिलं नाव ‘संपूर्ण गव्हाचं पीठ’ असेल तेच पाकीट उचला.