नाव नको, क्रमांक विचारा

डेटाबेस म्हणजे आपल्या बचत गटाचं रजिस्टरच, फक्त विचारलं की ते उत्तर देतं. पण आधी ते नीट मांडावं लागतं, अन् शिकणारीचं घोडं अडतं ते तिथंच. पुढची भाषा त्यामानानं सोपी आहे.

गटात दोन सुनंदाताई असल्या अन् आपण नुसतं नाव लिहिलं, की एकीनं भरलेला हप्ता दुसरीच्या खात्यात जातो. मग पैसे भरूनही थकबाकीदार कोण, तर भरणारीच! म्हणून प्रत्येकीला एक क्रमांक द्यायचा, तो पुन्हा कुणालाच द्यायचा नाही. याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. चांदूर स्टेशनवर आरक्षण काढलं की तिकिटावर दहा आकडी पीएनआर येतो, त्याचंही काम असंच.

मग दोन तक्ते करू. एकात क्रमांक, नाव, फोन. दुसऱ्यात क्रमांक, तारीख, भरलेली रक्कम. दुसऱ्यात नाव नाहीच. ते क्रमांकावरून सापडतं. फोन बदलला तर एकाच जागी दुरुस्ती. एडगर कॉड यांनी ही तक्त्यांची रीत १९७० साली मांडली, आजही बँकांत तीच चालते.

विचारायची भाषा एसक्यूएल. ‘सिलेक्ट रक्कम फ्रॉम हप्ते व्हेअर क्रमांक = ७’, म्हणजे हप्त्यांच्या तक्त्यातून सात क्रमांकाच्या बाईच्या रकमा दाखव. शिकायला एसक्यूलाइट फुकट मिळतं.

पाच जणींचे तीन महिन्यांचे हप्ते भरा, बेरीज मागा, रजिस्टरशी ताडून पाहा. जुळेपर्यंत कागदी रजिस्टर मात्र आपण बंद करायचं नाही.