फॉरमॅट पेंटर : सजावट उचलणारा ब्रश

वर्डमधील ‘फॉरमॅट पेंटर’ हे ब्रशचे चिन्ह निवडलेल्या मजकुराची सजावट, म्हणजे फॉन्ट, आकार, रंग इत्यादी, उचलून दुसऱ्या मजकुराला देते. त्यावर डबल-क्लिक केल्यास ते एस्केप दाबेपर्यंत चालू राहते, ही खरी सोय अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

एक्सेलमध्ये ते चौकटी व तारखांची मांडणीही उचलते. आकडे, सूत्रे जागच्या जागी राहतात.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीतील जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या मजकुरावर मात्र ब्रश जपून फिरवावा, कारण तेथे मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या संकेतांकांनी साठवलेली असतात आणि मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लागताच ‘शनिवारवाडा’च्या जागी निरर्थक चिन्हे दिसू लागतात. मजकूर नष्ट झालेला नसतो, कंट्रोल-झेड दाबावे.