संडासातील पाणी आणि हवेचा दाब

हवेचा दाब शिकविताना पाण्याने भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून तो उलटा धरण्याचा प्रयोग पुष्कळ शाळांतून केला जातो. मुलांना त्याचे नवल वाटते. परंतु हा दाब रोजच्या व्यवहारात कोठे उपयोगी पडतो, हे त्यांना उमगत नाही. शाळेच्या आवारातील संडास हे त्याचे चांगले उदाहरण होय. विषय संकोचाचा वाटतो म्हणून शिक्षकांनी तो टाळू नये.

संडासाच्या भांड्याखाली एक वाकडी नळी असते. गवंडी तिला ट्रॅप म्हणतात. तिच्या खोलगट भागात पाणी साठून राहते. दोन्ही अंगांस हवेचा दाब सारखाच असल्यामुळे पाण्याची पातळीही सारखी राहते आणि शोषखड्ड्यातील दुर्गंधीची वाट अडते. ग्रामीण पद्धतीच्या भांड्यात ही अडवणूक अवघी 20 मिलिमीटर खोल असते. भांड्यात पाणी ओतताच अलीकडची पातळी क्षणभर उंचावते व त्या वाढलेल्या उंचीचा दाब पाण्याला घाणीसह पलीकडे लोटतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीला पूर आल्यावर बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कसे कोसळतात, हे पाहिलेल्या मुलांना यात अवघड असे काही वाटणार नाही.

मात्र पाणी एकदम ओतले पाहिजे. तीव्र उताराच्या भांड्यास दीड ते दोन लिटर पाणी पुरते. तेच बारीक धारेने घातले तर बादली रिकामी होते आणि घाण जागीच राहते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नव्हे. अस्वच्छ संडासाच्या भीतीने दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलींच्या दृष्टीने तर ती मुळीच लहान नव्हे.

जुन्या साखळीच्या टाकीत हवेचा दाब अधिक स्पष्टपणे काम करतो. साखळी ओढून सोडली की टाकीतील घंटेच्या आकाराचे झाकण खाली पडते व थोडे पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून आत लोटले जाते. ते पडताना झाकणाखालची हवा बरोबर नेते. आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा टाकीतील उरलेले पाणी नळीत चढविते. पातळी झाकणाच्या काठाखाली गेली, हवा आत शिरली, की प्रवाह तुटतो. यालाच वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात.

वर्गात हे दाखविण्यास एक बादली टेबलावर व दुसरी जमिनीवर ठेवावी. रबरी नळी पाण्याने भरून दोन्ही तोंडे अंगठ्यांनी दाबावीत, एक तोंड वरच्या बादलीत बुडवावे, दुसरे खाली सोडावे. तोंडाने पाणी ओढू देऊ नये. मग नळीच्या सर्वांत उंच भागी एक भोक पाडावे. प्रवाह तत्काळ थांबेल. समुद्रसपाटीला हवा पाण्याचा सुमारे 10.3 मीटर उंच स्तंभ तोलून धरते. धाराशिव शहर सुमारे 650 मीटर उंचीवर असल्याने येथे तो साडेनऊ मीटरांच्या आसपास भरतो, हेही मुलांकडून ताडून घ्यावे.

मे महिन्याच्या सुट्टीत ट्रॅपमधील पाणी आटते व शाळा उघडताच दुर्गंधी येते. भांडे बिघडले असे समजून ते फोडण्याची घाई करू नये. आदल्या दिवशी प्रत्येक भांड्यात तांब्याभर पाणी घालवून घ्यावे. हे काम मुलांवर सोपवू नये.