श्रोत्यांनी जगविलेली मालिका

विज्ञानश्रुतिकांचे वेड हा निव्वळ विरंगुळा, असा समज असतो. ब्रिटनमध्ये मात्र याच वेडाने एक मालिका तगवून धरली. बीबीसीवर १९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’चे अनेक जुने भाग चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याच्या तत्कालीन प्रथेमुळे नष्ट झाले. सुदैवाने चाहत्यांनी प्रक्षेपणाच्या वेळीच त्यांचा आवाज घरच्या टेपरेकॉर्डरवर टिपला होता. त्यामुळे हरवलेला प्रत्येक भाग आज निदान ऐकता तरी येतो.

परग्रह ध्वनीतून उभा करायचा, तर नेपथ्याचा खर्च लागत नाही. म्हणूनच १९८०च्या दशकात हौशी चाहते स्वतःच श्रुतिका ध्वनिमुद्रित करू लागले. निकोलस ब्रिग्ज हे त्यांपैकीच एक. १९८९ मध्ये मालिका थांबली. दशकभराने, जुलै १९९९ मध्ये, ‘बिग फिनिश’ कंपनीने मूळ कलावंतांच्या आवाजात अधिकृत श्रुतिका सुरू केल्या. त्यांतही ब्रिग्ज होतेच.

मालिका २००५ मध्ये दूरचित्रवाणीवर परतली, तेव्हा तिच्यातील ‘डालेक’ या खलपात्रांना आवाज दिला तो ब्रिग्ज यांनी. रॉबर्ट शिअरमन यांनी लिहिलेला ‘डालेक’ हा भागही त्यांच्याच २००३ मधील ‘ज्युबिली’ या श्रुतिकेवरून सुचलेला होता. पडद्याने सोडलेला धागा श्रोत्यांनी असा जपून पुन्हा पडद्याच्या हाती दिला.