जड झालेले शटर आणि स्प्रिंगचा तोल

बेळगावच्या खडे बाजारात, गणपत गल्लीत किंवा निपाणीच्या बाजारपेठेत सकाळी दुकाने उघडताना जे लोखंडी शटर एका झटक्यात वर जाते, त्याचे खरे वजन उघडणाऱ्याच्या हाताला सहसा जाणवत नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकात शटरसाठी ८० मिलिमीटर रुंद आणि १.२५ मिलिमीटर जाड पोलादी पट्ट्या सांगितल्या आहेत. या जाडीचा सपाट पत्रा आठ फूट रुंद व आठ फूट उंच घेतला, तरी तो सुमारे ५८ किलो भरतो. पट्ट्यांच्या कडा वळवून त्या एकमेकींत अडकवलेल्या असल्यामुळे आणि तळाशी जाड पट्टी जोडलेली असल्यामुळे प्रत्यक्ष वजन याहून बरेच अधिक होते. हे ओझे साठी उलटलेला दुकानदारही उचलू शकतो, कारण त्याचा मोठा वाटा माथ्यावरच्या आडव्या नळावर बसवलेल्या स्प्रिंगा पेलत असतात. त्याच दरपत्रकात या स्प्रिंगा तारेच्या आणि साडेसत्तावीस सेंटिमीटर लांबीच्या असाव्यात असे नमूद आहे, आणि शटरचे क्षेत्रफळ १० चौरस मीटरच्या पुढे गेल्यास साखळी व दांड्याच्या यंत्रणेची वेगळी तरतूद आहे.

शटर खाली ओढताना स्प्रिंगला पीळ बसतो, म्हणजेच ओढणाऱ्याने लावलेले बळ तिच्यात साठत जाते, आणि वर ढकलताना तो पीळ सुटत जाऊन साठलेले बळ परत मिळते. यातली खुबी अशी, की शटर जसजसे खाली येते तसतसे नळावरून सुटून लोंबणाऱ्या पट्ट्यांचे वजन वाढते, आणि नेमके त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही वाढत असतो. दोन्ही एकाच दिशेने वाढत असल्याने एका साध्या स्प्रिंगने जवळजवळ सगळ्या उंचीवर तोल सांभाळला जातो. रेल्वेच्या जुन्या डब्यांतील वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांना असा तोल नव्हता, केवळ खटका होता, आणि खटका नीट बसला नाही तर ती खिडकी थेट बोटांवर येई.

या भागातील घरांच्या खिडक्या बिजागरीवर फिरणाऱ्या किंवा आडव्या सरकणाऱ्या असतात, त्यामुळे त्यांना तोलाची गरज पडत नाही. मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे काही महिने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना तेथील घरांत एकावर एक अशी दोन तावदाने वर-खाली सरकणारी खिडकी सर्रास भेटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये रूढ झालेल्या या खिडकीत चौकटीच्या पोकळीत दोरी व कप्पीने वजने टांगलेली असत. आता त्यांची जागा स्प्रिंगने घेतली आहे. येथे शटरपेक्षा पेच वेगळा आहे, कारण तावदान कोठेही असले तरी त्याचे वजन तेवढेच राहते, तर साधी स्प्रिंग जितकी ताणावी तितकी अधिक ओढते. त्यावर कारागिरांनी तीन तोडगे काढले. एकात नळीतल्या स्प्रिंगला पीळदार पट्टी जोडतात आणि पट्टीचा पीळ कोठे दाट, कोठे विरळ ठेवतात; दुसऱ्यात छोट्या कप्प्यांवरून दोरी फिरवतात, त्यामुळे तावदान बरेच सरकले तरी स्प्रिंग थोडीच ताणली जाते; आणि तिसऱ्यात पोलादी फितीची गुंडाळी वापरतात, जी उलगडताना जवळजवळ सारख्याच जोराने ओढते. यांपैकी तिसरा तोडगा सर्वांत सुबक म्हणावा लागेल.

शटर असो वा खिडकी, ती जड झाली म्हणजे स्प्रिंग गेली, असे मानण्याची घाई करू नये. बाजूला उभे राहून, हात न सोडता, शटर निम्म्यावर आणावे आणि पकड थोडी सैल करावी. ते जागीच राहिले तर तोल ठीक आहे. आपोआप खाली येऊ लागले तर स्प्रिंग ढिली पडली आहे किंवा अनेकांपैकी एखादी तुटली आहे. वर पळू लागले तर पीळ गरजेपेक्षा जास्त आहे. निम्म्यावर ते टिकते, पण वर नेतानाही आणि खाली आणतानाही सारखाच जोर लागतो, असे आढळल्यास दोष स्प्रिंगचा नसून घर्षणाचा असतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ज्या खाचांतून, अर्थात चॅनेलमधून, पट्ट्या सरकतात तेथे काहीतरी अडते आहे.

घर्षणाचा दोष घरच्या घरी दूर करता येतो. घराच्या पुढच्या भागात गाळा काढण्याची रीत येथे जुनीच आहे, आणि रस्त्यालगतच्या अशा गाळ्यांच्या चॅनेलमध्ये बेळगावकडे तांबड्या मातीची तर निपाणीकडे काळ्या मातीची धूळ साचते. जून ते सप्टेंबरच्या पावसात ती भिजून घट्ट बसते आणि तळाची पट्टी गंजू लागते. पावसाळ्यापूर्वी चॅनेल कोरड्या ब्रशने खरवडून रॉकेलच्या फडक्याने पुसावे, गंज काचकागदाने घासून त्यावर गंजरोधक रंगाचा हात द्यावा आणि सरकत्या कडांना मेण चोळावे. पुष्कळ जण येथे सढळ हाताने ग्रीस भरतात. चार दिवस शटर लोण्यासारखे चालते, मग त्याच ग्रीसमध्ये धूळ कालवली जाऊन आधीपेक्षा जास्त अडते. चॅनेल ठोकर लागून आत दबले असल्यास ते मात्र ठोकून सरळ केल्याशिवाय काहीही साधत नाही.

स्प्रिंगचे काम या पलीकडचे आहे. मिस्त्री नळ पाइप पान्याने धरून थोडा फिरवतो आणि पुन्हा आवळतो, तेवढ्याने ढिल्या स्प्रिंगला पीळ मिळतो. पाहणाऱ्याला हे सोपे वाटते. परंतु शटर पूर्ण वर असतानाही स्प्रिंगमध्ये काही पीळ शिल्लक असतो, त्यामुळे नळाचे बोल्ट नुसते सैल केले तरी नळ गरकन फिरून पाना हातातून उडू शकतो. खिडकीतही हाच धोका लहान प्रमाणात असतो. आतल्या बाजूला कलणारे तावदान काढताना त्याची खालची खुंटी ज्या सरकत्या ठोकळ्यात बसते, तो ठोकळा तावदान पुरते कलल्यावर जागच्या जागी घट्ट होतो. तसे न होता तावदान उचलले तर स्प्रिंग ठोकळ्याला सपकन वर खेचते, आणि बोटे मध्ये आली तर जखम ठरलेली. तावदान सुखरूप काढल्यानंतर ते वजनकाट्यावर तोलावे, जुन्या नळीवर अंक कोरलेले असल्यास टिपून घ्यावेत आणि त्याच ताकदीची नवी जोडी आणून दोन्ही बाजूंचे भाग एकदमच बदलावेत, कारण एक बाजू नवी आणि एक थकलेली राहिली तर तावदान तिरके होऊन अडकते.

शटरच्या बाबतीत दुकानदार बहुधा उलटे वागतात: चॅनेल साफ करायला मिस्त्रीला बोलावतात आणि तुटलेल्या स्प्रिंगचे शटर मात्र बांबूचा टेकू देऊन महिनोन्‌महिने चालवतात. टेकू निसटला तर पन्नास-साठ किलोंहून अधिक लोखंड सरळ खाली येते. असे शटर मिस्त्री येईपर्यंत बंद ठेवावे, आणि ते उघडावेच लागले तर दोघांनी मिळून उघडावे व त्याखाली कोणालाही, विशेषतः मुलांना, उभे राहू देऊ नये.