पडद्यावर नट, चुलीपुढे बल्लवाचार्य

१९५२ सालच्या जानेवारीत मुंबईत आपल्या देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात व्हित्तोरियो दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला. चोरीस गेलेल्या सायकलीची ती गोष्ट पुष्कळांच्या मनात घर करून राहिली आहे. पण वाचकहो, त्यातला खानावळीचा प्रसंग आठवतो का? सायकल शोधून शोधून कावलेला बाप रागाच्या भरात पोराच्या थोबाडीत मारतो, आणि मग स्वतःच ओशाळून त्याला खानावळीत घेऊन जातो. पोरगा पावात चीज घालून तळलेला पदार्थ हातानेच खाऊ लागतो. चीजची तार लांबच लांब ओढली जाते. पलीकडच्या टेबलावर एक श्रीमंत घरचा मुलगा ऐटीत जेवत असतो. दोघे एकमेकांकडे वळून वळून पाहतात. आणि बाप? नोकरी टिकली असती तर महिन्याकाठी किती पैसे हाती आले असते, त्याचा हिशेब तो त्या पोराकडूनच लिहवून घेतो!

इटालियन चित्रपटात जेवणाचे ताट आले की त्याच्यामागे बहुधा भूक उभी असते. तिथल्या नटनट्यांपैकी इतकी मंडळी पुढे पट्टीची स्वयंपाकी का निघाली, ह्याचे निम्मे उत्तर त्या भुकेत आहे, असे मला वाटते.

सोफिया लॉरेन हिचेच पाहा. जन्म १९३४ चा, रोमचा. पण वाढली ती नेपल्सजवळच्या पोत्सुओली ह्या बंदराच्या गावी, आजीच्या घरी. वडिलांनी आईशी लग्न केले नाही, आणि वर महायुद्ध. बाँबच्या भीतीने गावची माणसे रात्री आगगाडीच्या बोगद्यात झोपत. पोर इतकी हडकुळी, की शाळेतल्या मुली तिला 'दातकोरणे' म्हणून चिडवीत. हीच मुलगी पुढे जगातल्या सुंदर स्त्रियांत गणली गेली, ही गोष्ट निराळी.

दे सिका यांनी १९५४ साली 'नेपल्सचे सोने' ह्या चित्रपटात तिला पिझ्झा विकणारीची भूमिका दिली. नेपल्सच्या गल्लीत त्या काळी पिझ्झा उधारीवर मिळे. आज खा, आठ दिवसांनी पैसे दे! गरिबाचे खाणे ते, आपल्याकडच्या भजी-पावासारखे. पिझ्झेवाल्याची ही देखणी बायको आपली पाचूची अंगठी प्रियकराच्या घरी विसरते आणि नवऱ्याला सांगते, की ती कणकेत पडली असेल. झाले! नवरा बिचारा सकाळपासून पिझ्झा नेलेल्या एकेका गिऱ्हाइकाच्या दारी अंगठी शोधीत हिंडतो. ह्या भूमिकेने सोफियाचे नाव घरोघर पोचले. पुढे १९६० च्या 'टू विमेन' मध्ये तिने युद्धात होरपळलेली आई उभी केली. आधी आईची भूमिका अ‍ॅना मान्यानी करणार होती आणि सोफिया मुलीची. मान्यानीने नकार दिला आणि पंचविशीतली सोफिया आई झाली. १९६२ साली तिला ऑस्कर मिळाले. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतल्या अभिनयाला मिळालेले ते पहिले ऑस्कर. ती समारंभाला गेलीच नाही. धास्तीने रोमलाच राहिली. बातमी कळली ती कॅरी ग्रँटच्या टेलिफोनने.

पण तिची स्वयंपाकाची गोष्ट ह्या बक्षिसांच्या पलीकडची आहे. दोनदा गर्भ राहून गेला होता. १९६८ साली पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने कित्येक महिने जिनिव्हात हालचाल न करता काढले. वेळ जाईना. मग आजीच्या हातचे पदार्थ एकेक करून आठवायचे आणि टिपून ठेवायचे, असा तिने नाद लावून घेतला. वर्षअखेर मुलगा झाला, आणि त्या टिपणांतून १९७१ साली पुस्तक झाले. त्याच्या नावाचा अर्थ, 'स्वयंपाकघरात प्रेमाने'. बाळाची वाट पाहताना लोकरीचे विणकाम करणाऱ्या पुष्कळ बायका आपण पाहिल्या आहेत. हिने पाककृती विणल्या!

पुरुषांत उगो तोन्यात्सी हा सर्वांत वेडा. हा क्रेमोना गावचा. पोरवयात सलामीच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या कारखान्यात नोकरीला होता. पुढे विनोदी नट म्हणून नावारूपाला आला. पण अभिनय हा आपला छंद आणि स्वयंपाक हाच खरा धंदा, असे तो चारचौघांत खुशाल सांगे. रोमजवळ तोरवायानिका येथे समुद्रकाठी त्याचे घर होते. तिथे मित्रांना बोलवायचे, स्वतः रांधायचे, वाढायचे आणि जेवण झाले की पाहुण्यांकडून चिठ्ठ्यांवर गुण घ्यायचे, हा त्याचा परिपाठ. १९७३ साली मार्को फेरेरी यांच्या 'ला ग्रांद बूफ' मध्ये चार मित्र एका बंगल्यात कोंडून घेऊन खाऊन खाऊन जीव देतात. त्यातला आचारी उगोच. चित्रपट किळसवाणा आहे, घरच्या मंडळींनी मिळून पाहावा असा मुळीच नाही. पण भरल्या पोटाची इतकी भेसूर थट्टा दुसऱ्या कोणी केलेली नाही. पुढच्याच वर्षी गृहस्थाने स्वतःचे पाकपुस्तक काढले!

आता माझ्या आवडीच्या माणसांकडे येतो. आल्दो फाब्रित्सी आणि त्याची बहीण एलेना.

आल्दोचा जन्म १९०५ चा. बाप गाडीवान; आल्दो अकरा वर्षांचा असतानाच तो वारला. आई रोमच्या काम्पो दे फियोरी ह्या मंडईत भाजी विकी. घरात पाच बहिणी. शाळा सुटली, मिळेल ती कामे केली, आणि शेवटी रंगभूमीवर विनोदी नकलांनी लोकांना हसवू लागला. १९४५ साली रोसेलिनी यांनी 'रोम, ओपन सिटी' मध्ये ह्या लठ्ठ विदूषकाला पाद्री केला. विनोदी नकलांचा नट गोळीबारापुढे शांतपणे बसतो, तेव्हा थिएटरात चिटपाखरू हलत नाही. त्याच चित्रपटात झडतीच्या वेळी म्हातारा बडबडू नये म्हणून पाद्रीबोवा त्याच्या डोक्यात तळणीचा तवा घालतात! रडता रडता हसवण्याची ही रीत मंडईत वाढलेल्या माणसालाच साधावी.

आल्दो खवय्या तर होताच, पण तो रोमच्या बोलीत खाण्यावर सुनीते लिही. १९७० साली त्याचा 'पास्ताशुत्ता' हा संग्रह निघाला, १९७४ साली 'आजी मिनेस्त्रा' निघाला. मिनेस्त्रा म्हणजे भाज्यांचे दाट सार. १९९० साली तो गेला. थडग्यावरचा लेख असा, की ह्या माणसाला जगातून जरा लवकरच, दाताला लागेल इतका कच्चा असतानाच उतरवले. शेवया जास्त शिजलेल्या चालत नाहीत, हा इटालियनांचा हट्ट ठाऊक असेल त्यालाच ही गंमत कळेल.

भाऊ नावाजला, तेव्हा बहीण चुलीपुढे होती. एलेनाला सारे रोम 'सोरा लेल्ला' म्हणे. सोरा म्हणजे आपल्याकडे काकू किंवा मावशी म्हणावे तसे. १९५९ साली नवऱ्यासह तिने तिबेर नदीतल्या बेटावर खानावळ काढली. पदार्थ अस्सल रोमन: वजडी, बैलाच्या शेपटीचे कालवण. चांगले मांस धनिकांकडे जाई आणि उरलेसुरले खाटिकखान्यातल्या गरिबांच्या वाट्याला. त्या उरल्यासुरल्याची चव ह्या बायकांनी वाढवली. अधूनमधून तिला चित्रपटात लहानसे काम मिळे. १९८१ साली कार्लो व्हेर्दोने ह्या तरुण दिग्दर्शकाने तिला आजी केली. नातू तिला मोटारीतून व्हेरोनाहून रोमला मतदानासाठी नेतो, आणि मतदानाच्या खोलीतच तिचा प्राण जातो. इटलीने तिला डोक्यावर घेतले. व्हेर्दोने यांच्याच दुसऱ्या चित्रपटासाठी १९८४ साली तिला साहाय्यक अभिनेत्रीचा दाव्हिद दी दोनातेल्लो पुरस्कार मिळाला. तेव्हा ती सत्तरीकडे झुकली होती. आयुष्यभर लोकांना वाढले, तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे वर मान करून पाहिले!

भावामागून तीन वर्षांनी, १९९३ च्या ऑगस्टमध्ये सोरा लेल्ला गेली. बेटावरची चूल आधी मुलाने आणि मग नातवंडांनी सांभाळली.